पुंजारामचा अर्धा शब्द

बसा असंच. लाईट काय आता येत न्हाई. एकतीस वर्सं वायरमन हुतो मी, डीपीचा तसा आवाज झाला म्हंजी सकाळपत्तुर काय खरं न्हाई, एवढं कळतं मला. आरती, तो मोबाईलचा उजेड बंद कर. डोळ्यावर येतो. सांगतो म्हनलं ना, सांगतो.

ही आपल्या बोरमाळातलीच गोष्ट हाय, आन लई जुनी न्हाई. तुमी पोरं नगरला शिकायला, तुमाला अंगद आठवत नसंल. डेअरीवर दूध घ्यायला असायचा. बत्तीस-तेहेतिशीचा, सरळ मानूस, कुनाच्या अध्यात न्हाई न मध्यात न्हाई. त्याच्या तोंडून जे ऐकलं ते सांगतो, आन जे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं ते येगळं सांगतो.

दोन हजार तेवीस साल. डिसेंबरची वीस तारीख, बुधवार. सांच्याला सव्वासात वाजले हुते. अंगदनं दूध घेनं संपवलं, मशीन पुसलं, फरशीवर बादलीभर पानी मारलं आन शटर ओढलं. मग आतल्या खोलीतून एक किटली आनून मोटरसायकलच्या मागच्या कॅरेजला ट्यूबच्या पट्टीनं बांधली. चेरमननं दुपारीच निरोप दिल्ता, ही किटली तेवढी रंगुबाईला पोच कर आन मोकळा हो. रंगुबाईनं दोनदा मागनं केल्तं. दुसऱ्या दिवशी तिच्या भावाचा दहावा हुता, त्याच्या आत तिला भावाची किटली घरात पाहिजे हुती.

एवढंच काम. दोन किलोमीटर जायचं, किटली द्यायची, माघारी यायचं.

आता हा भाऊ कोन, ते ऐका. पुंजाराम त्याचं नाव. पन्नाशीचा. ओढ्यापल्याडच्या वस्तीवर दोघंच राहायची, थोरली रंगुबाई आन हा. तिचा नवरा लौकर गेल्ता, ह्याचं लगीनच झालं न्हाई. तीन गाया हुत्या. गाईचं वासरू अडलं की डॉक्टरच्या आधी लोक पुंजारामला बोलवायचे. रात्रभर गाईपाशी बसून तिच्याशी बोलायचा. जनावराशी बोलताना त्याची जीभ अडकत नव्हती. मानसाशी बोलताना अडकायची.

लई अडकायची.

डेअरीवर प्रत्येकाला नंबर असतो. आपला नंबर सांगायचा, मशीनवाला तो दाबतो, मग दूध मोजून फॅट बघून चिठ्ठी निघती. पुंजारामचा नंबर सत्त्याहत्तर. आता तुमी म्हनाल, रोज दोन टाईम येनारा मानूस, त्याचा नंबर अंगदला पाठ नसंल का. पाठ हुता. पुंजाराम दारात दिसला की बोट आपोआप साताच्या बटनावर जायचं, हे त्यानंच मला सांगितलं. पन दाबायचा न्हाई. मागं रांग वाट बघत असायची ना. मग तो इचारायचा, नंबर?

आन मग सुरू व्हायचं. स… स… स… मान ताठ व्हायची. डोळे मिटायचे. गळ्याची शीर दोरीवानी फुगायची. रांगेतली पोरं मोठ्यानं आकडे मोजायची, आज कितीला शब्द निघतो म्हनून. चेरमनचा ओंकार मोबाईल धरून उभा. पुंजारामला त्यानं नाव ठेवलं हुतं, हँग. मोबाईल हँग होतो तसा. 'हँग आला' म्हनलं की सगळी रांग हसायची. व्हिडिओ गावभर फिरायचे. ज्या घरची गाय त्यानं वाचवली त्या घरात बी फिरायचे.

आन मी? मी बी रांगेत हुतो पोरांनो. मी बी हसलोय. आधीच सांगून ठिवतो, पुढचं ऐकताना मला लई शहाना समजू नका.

त्याच म्हैन्याच्या बारा तारखेला, मंगळवारी, अमावास्या हुती. त्या सांच्याला पुंजारामला नंबर काय बोलताच येईना. पोरांचे आकडे साठाच्या वर गेले. त्यानं डोळे उघडले, रांगेकडं एकदा बघितलं, किटली उचलली आन दूध न घालताच माघारी वळला. आजपत्तुर असं कधी झालं नव्हतं. त्यानं किटली सायकलला अडकवली तोच ओंकारनं ती काढून घेतली. म्हनला, नंबर सांग आन ने. तीन मोटरसायकली निघाल्या, किटली हवेत नाचवत. पुंजाराम सायकल तिथंच टाकून त्यांच्या मागं पळत गेला. अंधारात.

आमी दूध घातलं आन घरी आलो.

सकाळी तो डेअरीमागच्या शेततळ्यात सापडला. किटली पान्यावर तरंगत हुती, झाकन घट्ट. शेततळं बघितलंय ना तुमी, आतून काळा कागद असतो प्लास्टिकचा. ओला झाला की गुळगुळीत. आत गेलेल्याच्या हाताला धरायला काय लागत न्हाई. हरनं मरत्यात त्यात, कुत्री मरत्यात. पोलिसांनी लिहून घेतलं, अंधारात पाय घसरला, आन किटली डेअरीत ठिवून गेले. अंगदला येगळं इचारलं, कारन डेअरीपासून तळं दोन वावरांवर. काय आवाज आला का? तो म्हनला, मशीन चालू हुतं, काय ऐकू आलं न्हाई. बाकीच्यांना इचारलं तर असं झालं, जनू त्या दिवशी कुनी डेअरीवर गेलंच नव्हतं. मी बी गेलो नव्हतो.

तर आता वीस तारीख. सव्वासात.

थंडी चांगली पडल्ती. अर्धा चांद हुता डोक्यावर, त्यामुळं बाभळींच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडलेल्या. अंगद सावकाश चालला हुता. रस्ता तळ्याच्या बांधाजवळनंच जातो, दुसरा हायच न्हाई. त्यानं ठरवलं हुतं, तिकडं बघायचं न्हाई. बघितलंच न्हाई त्यानं. नजर दिव्याच्या उजेडात ठिवली.

बांध मागं पडला, तसा गाडीचा मागचा भाग खाली दबला.

कुनी मागं बसावं, तसा.

त्याला वाटलं पंचर झालं. उतरून चाक दाबून बघितलं. चाक कडक. मग किटलीला हात लागला, तर ती हालंना. डेअरीवरनं निघताना एका हातानं उचलून बांधलेली किटली. त्यानं जरा हालवली. आत डुबुक आवाज झाला. झाकन काढलं तर काठोकाठ पानी. शेततळ्याच्या पान्याला एक वास असतो, शेवाळाचा, बंद पान्याचा. तोच वास.

त्यानं काय केलं असंल? तुमी आमी करू तेच केलं. डेअरीत कुनीतरी भरली असंल म्हनला, वतून दिलं, झाकन लावलं आन किक मारली. आपनच ती सकाळी धुऊन उन्हात पालथी घातली हुती, हे त्याला आठवत हुतं. पन त्यानं आठवू दिलं न्हाई.

शंभर पावलं गेला असंल.

गाडी परत दबली.

परत काठोकाठ. परत वतलं. ह्या खेपेला पायावर सांडलं. बर्फावानी गार. झाकन लावताना त्यानं आत डोकावून बघितलं. कोरडं. तळ चमकत हुता चांदन्यात.

तिसऱ्या खेपेला तो थांबलाच न्हाई. गाडी जडच झाली, तरी ओढत राह्यला. पहिल्या गिअरवर. इंजिन घरघरत हुतं. ओढ्याचा उतार आला.

आन इंजिन बंद पडलं.

सगळं गप्प. किडा न्हाई. कुत्रं न्हाई. वारा न्हाई.

मग मागनं, अगदी कानामागनं…

"वा…"

अंगदनं मान वळवली न्हाई. मला म्हनला, तात्या, मान वळवायची माझी छातीच झाली न्हाई. हँडल धरून तसाच उभा.

मग ती जागा आली. तुमाला कळायचं न्हाई, आमाला कळती. पुंजारामचा एक शब्द अडकला की मधी एक जागा यायची. आवाज न्हाई, नुसता ताठ श्वास. डेअरीवर आमी त्या जागेत हसायचो.

तीच जागा. त्या ओढ्यात. कुनी हसनारं न्हाई.

"वा…"

परत गप्प.

"वा…"

त्याला देवाचं नाव घ्यायचं हुतं. कानिफनाथाचं. माझं नाव ज्याच्यावरनं हाय त्याच देवाचं. तोंड उघडलं. का… का… पुढं काय येईना. जीभ टाळूला चिकटली. ह्या मानसाची जीभ जल्मात कधी अडकली नव्हती. का… का… मागनं वा… पुढनं का… दोघंच. ओढ्यात.

त्यानं गाडी ढकलायला सुरवात केली. चढाला. एक पाऊल. थांब. एक पाऊल. मागचं वजन तसंच. मानगुटीवर गार हवा, ओल्या कपड्यातनं येती तशी. वर रंगुबाईच्या दारातला दिवा दिसत हुता. पिवळा. त्या दिव्यावर डोळे ठिवून तो वर आला.

रंगुबाई दारातच बसल्ती. वाट बघत. किटली बघून उठली, पट्टी तिनंच सोडली आन एका हातानं किटली उचलून घेतली. रिकामी. कोरडी. अंगदनं ते बघितलं आन तिथंच पायरीवर बसला. तिनं पानी दिलं. त्यानं घेतलं न्हाई.

तिनं किटली पदरानं पुसली. बराच येळ पुसत हुती. मग त्याच्याकडं न बघता तिनं इचारलं.

"अंगद, पोहता येत नव्हतं त्याला. त्यानं हाक तर मारली असंल ना रे?"

अंगदला 'न्हाई' म्हनायचं हुतं. पोलिसांना सांगितलेलंच उत्तर, पाठ झालेलं. त्यानं तोंड उघडलं.

"न्हा… न्हा… न्हा…"

शब्द निघंना. मान ताठ झाली. डोळे मिटले. त्यानं जोर केला, गळ्यात काय तरी फुगत चाललं. रंगुबाई आता त्याच्याकडं बघत हुती. पन्नास वर्सं तिनं हे आपल्या भावाच्या तोंडावर बघितल्तं. तिच्या हातातली किटली खाली टेकली.

आकडे मोजले न्हाईत तिनं. ती नुसती थांबली. भावासाठी थांबायची तशी.

आन अंगद म्हनला, "व्हय."

तो शब्द सहज निघाला. पुढचे बी सगळे सहज निघाले.

मशीन चालू नव्हतं. मशीन बंद करून तो शटरला कुलूप लावत हुता. तळ्याकडनं पुंजारामचा आवाज आला, वा… वा… करून. पहिल्यांदा त्याला वाटलं, पोरं वा वा म्हनत्यात, टवाळी चालली हाय. मग तिन्ही मोटरसायकली त्याच्या समोरनं माघारी गेल्या. पोरं हसत हुती. त्यानं मोजल्या. एक, दोन, तीन. सगळी पोरं त्याच्या समोर हुती, आन मागनं आवाज चालूच हुता. वा… वा… तवाच त्याला कळलं हा शब्द कुठला. 'वाचवा' म्हनायचंय ह्या मानसाला. पुरा निघंना.

तो कुलूप हातात धरून उभा राह्यला. चेरमनचं पोरगं. चेरमनची डेअरी. आपली नोकरी. आपन तिथं गेलो तर उद्या सांगावं लागंल, कुनी टाकलं, कसं टाकलं. दोन मिनिटं असतील न्हाईतर पाच. मग आवाज थांबला. थांबला म्हंजी निघाला असंल बाहेर, असं तो स्वतःला म्हनला. घरी गेला. जेवला.

रंगुबाई रडली न्हाई. अंगदला वाटलं, ती शिव्या देईल, धोंडा उचलंल, बरं हुईल. तिनं काय केलं न्हाई. आत जाऊन किटली कोनाड्यात ठिवली आन बाहेर आली.

"मला सांगितलंस," ती म्हनली. "मी त्याची बहीन, मला म्हाईतच हुतं. उद्या सगळ्यांच्या म्होरं सांग."

दुसऱ्या दिवशी दहावा. ओढ्याकाठी सगळं गाव. दहाव्याला भाषनं होत्यात, तसा चेरमन उठला. पुंजाराम साधाभोळा मानूस, कुनाला दुखावलं न्हाई, नशिबाचा फेरा, असं काय काय बोलला. ओंकार मागं उभा हुता, मोबाईलवर. चेरमन खाली बसला आन अंगद उठला. तो माझ्यापासून चार मानसांवर हुता. तोंड पांढरंफटक. मी म्हनलं ह्याला भोवळ येती का काय.

न्हाई. तो बोलला. नंबरापासून सुरू केलं त्यानं. म्हनला, मला त्याचा नंबर पाठ हुता आन मी रोज इचारत हुतो. मग मोटरसायकली सांगितल्या. मग तो आवाज सांगितला. एकदा बी अडखळला न्हाई.

चेरमन उभा राहून म्हनला, ह्याला रात्री पाजलीय कुनीतरी, बसवा त्याला. दोन मानसं त्याला धरायला उठली.

आता तुमाला मी काय सांगू. मला ओंकार किटली काढून घेताना दिसला हुता. तीन हातांवर. मला उभं राहायचं हुतं, पन बसूनच राह्यलो. मनात म्हनत हुतो, दुसरं कुनी उठंल. सगळ्या गावाच्या माना खाली हुत्या. सगळे तेच म्हनत हुते.

मग रंगुबाईनं मान वर केली. माझ्याकडं बघितलं असं न्हाई. कुनाकडंच बघितलं न्हाई. नुसती थांबली.

मी उठलो. म्हनलं, सोडा त्याला. मी रांगेत हुतो. किटली कुनी नेली ते मी बघितलंय. माझ्या मागनं दोन बायका उठल्या. आनखी कुनी उठलं न्हाई. पन अंगद धरून चार पुरे झाले.

पोरांना धरलं. जामिनावर सुटली. केस चालू हाय, तारखा पडत्यात, मी जातो. चेरमन आता रस्त्यात भेटला तर थुंकून जातो. अंगदची नोकरी दुसऱ्याच दिवशी गेली. तो आता संगमनेरला असतो, एका मेडिकलच्या दुकानात. मला फोन करतो तारखेच्या आदल्या दिवशी. त्या रात्रीनंतर त्याला परत काय दिसलं न्हाई, ऐकू आलं न्हाई. फक्त तो एक सांगतो, तात्या, अजून बी खोटं बोलायला गेलो की जीभ अडकती. गिऱ्हाइकाला औषध संपलंय म्हनायचं असलं तरी.

हे त्यानं सांगितलेलं झालं. आता मी बघितलेलं.

पुढच्या मे म्हैन्यात तळं आटलं. मालकानं मला बोलवलं, तळात मोटर अडकलीय, वायर सोडून दे. सकाळची नऊची येळ. लख्ख ऊन. मी एकटाच गेल्तो. तळाशी गुडघाभर चिखल राह्यला हुता. पानी हळूहळू आटत गेलं म्हंजी कागदावर गाळाचा थर बसतो, पिठावानी बारीक. त्याच्यावरनं खार गेली तरी उमटती.

मी दोर बांधला आन उतरायला वाकलो. तिथंच थांबलो.

समोरच्या उतारावर गाळात हाताचे पंजे उमटले हुते. दोन्ही हातांचे. पाची बोटं फाकलेली. एका खाली एक, एका खाली एक, चिखलापासनं थेट वर काठापत्तुर. पंज्यांच्या खाली अनवानी पावलं. ताजी हुती. कडा सुद्दा ढासळल्या नव्हत्या. मालकाला इचारलं, कुनी उतरलं हुतं का. म्हनला, म्हैनाभरात इकडं कुनी फिरकलं न्हाई.

मी तळ्याला पुरा येढा घातला. दोनदा. चारी उतार बघितले.

सगळे पंजे वर जानारे हुते. उतरनारं पाऊल एक बी न्हाई.